स्कारा ब्रे: दगडी मांडणीसमोर

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथल्या स्केल उपसागराच्या काठी वारा इतका होता की टोपी हातात धरूनच चालावं लागलं. स्कारा ब्रे या पाच हजार वर्षं जुन्या गावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर जागोजागी दगड बसवलेत. प्रत्येकावर इतिहासातली एकेक घटना, मागं मागं जाणारी. पिरॅमिड मागे पडले तरी गाव यायचंच होतं.

१८५० च्या हिवाळ्यात मोठं वादळ आलं, वाळूच्या टेकडीवरचं गवत उपटलं गेलं आणि खाली घरं दिसली. इ.स.पू. ३१८० च्या सुमारास वसलेलं, सहाएकशे वर्षं नांदतं राहिलेलं गाव! छपरं उरलेली नाहीत, त्यामुळे आपण वरून थेट घरात डोकावतो. मधोमध चौकोनी चूल, दोन बाजूंना दगडी पेटीसारखे पलंग, जमिनीत मातीने सांधे लिंपलेली टाकी आणि दारासमोरच्या भिंतीला दगडाची मांडणी. दुसरा शब्दच सुचला नाही मला. आजीच्या घरात पितळी डबे, तांबे ठेवलेले असायचे ना, अगदी तशी.

भिंतींभोवती उकिरड्याची माती ठासून भरली आहे. राख, हाडं, शिंपले, सगळं त्यात. वारा आणि थंडी त्यानेच अडायची.

मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो खापरांपाशी. चाक नाही, मातीच्या वळकट्या एकावर एक रचून, हाताने चोपून घडवलेली भांडी. ओल्या मातीवर खोल रेघा ओढलेल्या किंवा वरून मातीच्या पट्ट्या चिकटवलेल्या. एका खापरावर शंकरपाळ्याचे आकार आणि चक्राकार वळणं आहेत. या घडणीला ग्रूव्ह्ड वेअर म्हणतात. ऑर्कनीतली त्याआधीची अन्स्टन भांडी गोल बुडाची, म्हणजे चुंबळीशिवाय न टेकणारी. ही मात्र सपाट बुडाची. मांडणीवर ठेवा, हलणार नाहीत. ती तिथेच ठेवलेली असणार, असं मला मनापासून वाटतं.

पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९२८ ते १९३० या काळात इथे उत्खनन केलं. त्यांना आधी हे गाव खूप नंतरचं, स्कॉटलंडच्या प्राचीन पिक्ट लोकांचं वाटलं होतं. गावाला खरं वय मिळवून देण्यात या खापरांचा मोठा वाटा. १९३६ मध्ये दुसरे पुरातत्त्वज्ञ स्टुअर्ट पिगट यांनी दूर दक्षिणेला, इंग्लंडच्या एसेक्स किनाऱ्यावर सापडलेल्या नवाश्मयुगीन, म्हणजे शेती आली पण धातू आले नव्हते त्या काळातल्या, खापरांशी त्यांचं साम्य दाखवलं. १९७० च्या दशकातल्या कार्बन चाचण्यांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं. आता तर ही घडण ऑर्कनीतच आधी रुजली आणि मग खाली दक्षिण इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या दगडी वर्तुळाच्या परिसरापर्यंत पोचली, असं अभ्यासक मानतात. एका बेटावरच्या हातांची सवय इतकी लांब गेली, याचा मला राजवाड्यांपेक्षा जास्त आदर वाटतो.

गाव वसलं तेव्हा समुद्र बराच दूर होता. आज तो उंबऱ्याशी आलाय. १९२४ च्या वादळात एका घराचा भाग वाहून गेला, म्हणून पुढे भिंत बांधली. निघताना त्या भिंतीपाशी उभा राहिलो. भरती चढत होती, आणि प्रत्येक लाटेबरोबर ओठांवर मीठ येत होतं.