क्लोरोप्लास्टने दाखवलेली चूक

शिरोळ तालुक्यातल्या मामांच्या मळ्यातून लावणीच्या आणि खोडव्याच्या उसाची कोवळी पाने बर्फाच्या डब्यात घालून मी कोल्हापूरला आणली, तेव्हा डीएनएवरील मिथायलेशन (म्हणजे त्याला चिकटलेले मिथायल नावाचे छोटे रासायनिक गट) तपासायला दोन महिने पुरतील असे वाटले होते. प्रत्यक्षात अकरा लागले. जाणून घ्यायचे होते ते एवढेच, की तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात एका ठरावीक जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथायल गटांची मांडणी बदललेली असते का.

सुरुवात एचपीए टू आणि एमएसपी वन या डीएनए कापणाऱ्या दोन विकरांनी (एन्झाइम) केली. दोन्ही विकरे डीएनएच्या अक्षरांचा सीसीजीजी हाच क्रम ओळखतात, पण आतल्या सायटोसिनवर, म्हणजे ‘सी’ अक्षरावर, मिथायल गट असेल तर पहिले अडते आणि दुसरे कापते. तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर फरक दिसला. मात्र त्यातून फक्त सीसीजीजीच्या जागांची माहिती मिळते, आणि मला प्रत्येक सायटोसिन पाहायचे होते. म्हणून बायसल्फाइट पद्धतीकडे वळणे भाग पडले.

ऑस्ट्रेलियातील मारियान फ्रॉमर आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली ही पद्धत मला आजही विलक्षण सुंदर वाटते. सोडियम बायसल्फाइटमुळे साध्या सायटोसिनचे युरॅसिल होते आणि पीसीआरने डीएनएच्या असंख्य प्रती काढल्यावर ते थायमिन (‘टी’) म्हणून वाचले जाते, तर मिथायल गट असलेले सायटोसिन तसेच राहते. म्हणजे शेवटी उरलेला प्रत्येक ‘सी’ मिथायल गट असलेला, किंवा अभिक्रियाच न झालेला. या दुसऱ्या शक्यतेकडे माझे दुर्लक्ष झाले.

पहिल्या सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे अक्षरक्रम वाचण्याच्या, आलेखात सायटोसिनची निळी शिखरे जवळपास सगळीकडे उभी होती. एवढे मिथायलेशन सापडले म्हणून मी आनंदाने मॅडमना आलेख दाखवला. त्यांनी एकच विचारले, “क्लोरोप्लास्टचा तुकडा वाचलास का?” क्लोरोप्लास्ट म्हणजे पानाच्या पेशीतले हिरवे कण; त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. माणसाच्या बहुतेक पेशींत मिथायलेशन मुख्यतः सीजी या जोडीवर असते, त्यामुळे जोडीबाहेरचे ‘सी’ बदलले की नाहीत यावरून अभिक्रियेची खात्री करता येते. वनस्पतींत मात्र जोडीबाहेरच्या सायटोसिनवरही मिथायल गट असतात, म्हणून ती कसोटी उसाला लागू पडत नाही. क्लोरोप्लास्टचा डीएनए सहसा मिथायल गटांविना असतो. त्यातला प्रत्येक ‘सी’ बदलायलाच हवा. त्यासाठी प्रायमर (पीसीआरची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) मी मुद्दाम कमीत कमी ‘सी’ असलेल्या जागी बसवले, कारण केवळ बदललेल्या डीएनएला चिकटणाऱ्या प्रायमरने न बदललेला डीएनए कधी दिसलाच नसता. क्लोरोप्लास्टच्या आलेखातही तीच निळी शिखरे निघाली.

दोष डीएनए काढण्यात होता. उसाच्या पानातल्या शर्करायुक्त चिकट घटकांमुळे नळीच्या तळाशी जेलीसारखा गोळा राहत असे आणि तो पूर्ण विरघळत नसे. बायसल्फाइट फक्त सुट्या झालेल्या धाग्यावर काम करते, आणि माझ्या नळीत धागे नीट सुटतच नव्हते. मग सीटॅब या डिटर्जंटने काढलेला डीएनए जास्त मिठाच्या द्रावणातून पुन्हा अवक्षेपित केला, शुद्धता दाखवणारे २६०/२३० गुणोत्तर २ च्या आसपास येईपर्यंत धुतला, आणि एका नळीत २ मायक्रोग्रॅमऐवजी ५०० नॅनोग्रॅमच घेतला. बायसल्फाइटचे द्रावण त्याच सकाळी करून पीएच ५ वर आणले, ऑक्सिडेशन रोखणारे हायड्रोक्विनोन घातले, नळी फॉइलमध्ये गुंडाळली. मशीनवर ५५ अंशांच्या टप्प्यांमध्ये अधूनमधून ९५ अंशांचा झटका ठेवला, म्हणजे पुन्हा जुळलेले धागे सुटतील. वेळ वाढवत गेले तर डीएनए तुटतो, म्हणून पीसीआरचा तुकडा ३०० बेसपेक्षा लहान ठेवला. युरॅसिलपाशी अडणारे प्रूफरीडिंग (प्रती काढताना चुका तपासणारे) विकर बाजूला ठेवून साधे टॅक विकर वापरले.

क्लोरोप्लास्टचा नवा आलेख आला त्या संध्याकाळी मी ‘सी’च्या जागा बोटाने एकेक मोजल्या. निळ्याच्या जागी सगळीकडे थायमिनचे लाल शिखर होते. त्यानंतरच त्याच नळीतल्या जनुकाचे क्लोन (एकेका तुकड्याच्या वेगळ्या केलेल्या प्रती) वाचायला घेतले. खोडव्याचे दहा वाचून झाले आहेत, लावणीचे चार उरले आहेत, आणि प्रत्येक नव्या तुकडीबरोबर आता क्लोरोप्लास्टची एक नळी असतेच.