तुम्ही विचारलंत म्हणून: पोटात बाळ असताना केमो

"पोटात बाळ असताना केमो घ्यायला मन कसं धजावलं गं?" बारशाला आलेल्या मावशीने विचारलं, लिफ्टमध्ये शेजारणीने विचारलं, परवा तर ब्लाउजचं माप घेता घेता टेलरबाईंनीही. म्हणून एकदाच लिहून टाकते.

थांबता आलं असतं तर थांबले असते. थायरॉइडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये बहुतेकदा डॉक्टरच म्हणतात, आधी बाळंतपण होऊ दे, ऑपरेशन मग बघू. माझा थायरॉइडमधला लिम्फोमा होता, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, तोही झपाट्याने वाढणारा. हाशिमोटो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार, जुनाच, त्यामुळे गळा फुगला तेव्हा सगळे थायरॉक्सिनच्या गोळीच्या डोसबद्दलच बोलत राहिले. साध्या सुईच्या तपासणीत काही कळेना. जाड सुईने तुकडा काढला तेव्हा निदान झालं. तोवर मला उताणं झोपता येत नव्हतं. माझाच श्वास अडकला असता तर बाळाला तो कुठून मिळणार होता?

पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडत असतात, म्हणून तेव्हा केमो टाळतात. मला सहावा लागला होता. पीईटी स्कॅनसाठी किरणोत्सारी औषध टोचतात, म्हणून तेसुद्धा टाळलं, एमआरआयवर भागवलं. हे सगळं मला पाठ होतं. तरी लाल औषधाची सिरिंज समोर आली तेव्हा त्यातलं काही आठवलं नाही. नर्सने आधी डॉपलरवर बाळाचे ठोके ऐकवले. मग औषध हळूहळू ढकलू लागली; मध्येच थांबायची, शीर बघायची. "ताई, जळजळलं तर लगेच सांगा हं." एवढ्यात बाळाने लाथ मारली. एरवी जीव सुखावला असता. मला वाटलं, नको म्हणतंय.

संध्याकाळी लघवी लाल झाली. होईल म्हणून आधीच सांगितलं होतं, तरी मी किंचाळले. वाटलं, गेलं बाळ. आई बाहेर रामरक्षा म्हणत होती, ती तशीच धावत आली. तिला समजावता समजावता मला हसू फुटलं, आणि मग किती तरी वेळ रडू थांबेना.

स्टेरॉइड होतंच बरोबर. गळा काही दिवसांत इतका उतरला की आडवी झोपले.

दूध पाजलंस का? नाही. उरलेली केमो बाळंतपणानंतर होती. बीसीजीची लसही लांबवली. केमोबरोबर दिलेलं रिटुक्सिमॅब वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि बी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, कमी करतं, म्हणून. विचारून झालं?

तेव्हा मी सगळ्यांना सांगायचे, बाळासाठीच करतेय. तसं म्हटलं की लोक गप्प बसायचे. पण बाळ पोटात नसतं तरी मी केमो घेतलीच असती. मला जगायचं होतं. सासूबाईंसमोर हे म्हणायची सोय नव्हती. पण मग संडासात किंचाळले ती कोणासाठी?

मुलगा आता बालवाडीत जातो. सर्दी जरा रेंगाळली की मी डॉक्टरांना विचारते, हे त्या औषधांमुळेच तर नाही ना? ते म्हणतात, काही संबंध नाही. असेल बरोबर. पण पुढच्या सर्दीला मी परत विचारते, मग तुम्हाला विचारू नका असं कोणत्या तोंडाने म्हणू?