आमची वाटचाल : कुंपणाचं फाटक उघडलं तेव्हा

बाबांनी हा गोल्फ क्लब चालवायला घेतला तेव्हा मी शाळेत होते. नऊ होलचं मैदान (होल म्हणजे चेंडू पहिल्यांदा मारायच्या जागेपासून तो ज्यात पाडायचा त्या भोकापर्यंतचा एक टप्पा), पत्र्याची शेड, एक जुना ट्रॅक्टर. पाहुणे विचारायचे, "उरलेले नऊ कुठे आहेत?" बाबांना या प्रश्नाचा कधी राग आला नाही. पूर्ण मैदानाचा अठरा हा आकडा काही आभाळातून पडलेला नाही, असं ते सांगायचे. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूजला 1764 साली बावीसचे अठरा होल केले आणि पुढे तोच रिवाज पडला. गोल्फची मानाची ओपन स्पर्धा पहिल्यांदा 1860 मध्ये स्कॉटलंडमध्येच प्रेस्टविकला झाली, तीही बारा होलच्या मैदानावर. मग आपल्या नऊची लाज कशाला?

बाबांनंतर क्लब मी आणि माझी धाकटी बहीण चालवतो. सुरुवातीची वर्षं बरी गेली, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मग जुने सभासद थकले, काही घर बदलून गेले आणि नवे येईनात. गोल्फच्या मैदानाचं दुखणं असं, की खेळणारे निम्मे झाले म्हणून गवत निम्मं वाढत नाही. ग्रीनवरचं, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरचं, गवत तीन-चार मिलिमीटर उंचीवर ठेवावं लागतं. वाढीच्या दिवसांत ते जवळपास रोज कापायचं. इतक्या आखूड गवताला पान कमी आणि मुळंही वरवरची. उन्हाळ्यात पाण्याची एखादी पाळी चुकली तरी त्याला सोसत नाही.

आमची चुकली. ऐन उन्हात पंप बसला आणि दुरुस्ती होईपर्यंत दुसरं आणि सहावं ग्रीन करपून गेलं. नव्या पंपासाठी कर्ज मागितलं, ते नाकारलं गेलं. वहीत सगळं मांडून पाहिलं आणि आम्ही दोघींनी फाटकावर कागद लावला : हा हंगाम संपला की क्लब बंद होईल, सभासदांचे उरलेले पैसे परत मिळतील. तो कागद चिकटवताना बहिणीचा हात थरथरत होता, ते मला आजही आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाव्या होलच्या मागे राहणारे एक काका आले. कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात गोल्फची काठी हातात धरली नव्हती. पंप उघडून पाहिला आणि म्हणाले, "हा आता चालणार नाही, नवाच घ्या. पण पोरींनो, हे गवत मला बघू द्या." ग्रीनवर उकिडवे बसले, एक पातं उपटलं, चष्मा वर करून त्याचं टोक पाहिलं. टोक पांढरट पडलं होतं, चिंध्या झाल्यासारखं. "तुमचं यंत्र कापत नाहीये, फाडतंय." शेडमध्ये त्यांनी मोवरचा, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचा, पात्यांचा फिरता रीळ आणि खालची पट्टी यांच्यामध्ये कागद धरून रीळ हाताने फिरवला. कागद कापला न जाता नुसता दुमडला. मग धार लावायची पेस्ट लावून रीळ उलटा फिरवत दोन दिवस त्यांचं काम चाललं. तिसऱ्या दिवशी कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ कापला गेला. गवतावरच्या बुरशीसाठी आम्ही औषधावर पैसे घालवत होतो आणि रोगाचं मूळ बोथट पात्यात होतं! फाटलेल्या टोकांतून तिला आयती वाट मिळत होती.

काकांनीच शेजाऱ्यांना शेडमध्ये बोलावलं. मदतीचं बोलणं नंतर झालं, आधी आम्हाला ऐकून घ्यावं लागलं. चौथ्या होलवरून चेंडू येतात, खिडक्या फुटतात. फवारणी कधी करता ते कळवत नाही. एवढी हिरवळ आमच्या दारात, पण मुलांनी कुंपणातून नुसती बघायची. एकही तक्रार खोटी नव्हती. इतकी वर्षं आम्ही फक्त सभासदांची मर्जी सांभाळली, कुंपणापलीकडे पाहिलंच नाही.

चौथ्या होलचा टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, आम्ही वळवला. फवारणीचा दिवस फाटकावर लिहायला लागलो. कडेच्या रफचा, म्हणजे उंच गवताच्या पट्ट्याचा, मोठा भाग पाणी न घालता वाढू दिला, त्याने पाणी आणि डिझेल दोन्ही वाचलं. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावातले लोक तिथे फिरायला जातात. ते धरून आम्हीही आठवड्यातली एक संध्याकाळ फक्त फिरणाऱ्यांसाठी ठेवली. काही जुने सभासद रुसले. त्यांचं दुःख मला कळतं, पण हा निर्णय मी पुन्हा घेईन.

पंपाचे पैसे वर्गणीतूनच उभे राहिले. सभासदांनी पुढच्या वर्षाची आगाऊ दिली आणि न खेळणाऱ्या घरांनी आम्ही नव्याने ठेवलेली छोटी वर्गणी भरली. देणगी घेतली नाही. हिशेब दर महिन्याला शेडच्या भिंतीवर लावतो, कोणीही येऊन वाचावा.

मुलं आली तेव्हा त्यांच्या हाती काठी देण्याआधी आम्ही दुरुस्तीचा काटा दिला. चेंडू ग्रीनवर आदळून खळगा पडतो. काटा खालून उचकटला तर मुळं तुटतात, म्हणून कडेने रोवून गवत मधल्या बाजूला ढकलायचं आणि वरून हलकेच थोपटायचं. मोठ्या खेळाडूंनाही हे नीट जमत नाही, ही मुलं मन लावून करतात.

दुसरं ग्रीन आता भरलंय. सहाव्यावर अजून दोन डाग आहेत. क्लब वर्षावर वर्ष तगून आहे, याहून मोठा दावा मी करत नाही.

होलची, म्हणजे ग्रीनवरच्या भोकाची, जागा सकाळी मी बदलते. कटर दाबून फिरवायचा, मातीचा गोळा अलगद वर काढायचा, तोच जुन्या होलमध्ये बसवून पायाने समतल करायचा. परवा काकांची नात बरोबर होती. 108 मिलिमीटरच्या त्या भोकात हात घालून तिने आतला कप (भोकात बसवायची नळी) सरळ बसलाय का ते चाचपलं आणि म्हणाली, "मावशी, उद्या त्या डागाच्या पलीकडे करूया. इथलं गवत दमलंय." आज होल तिने सांगितलं तिथे आहे.