ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं

रविवार, रात्री साडेदहा

पाय दुखतायत पण आज लिहून ठेवलं नाही तर उद्या ऑफिसात गेल्यावर सगळं डोक्यातनं जाणार. सकाळी आमच्या फोटोवाल्या ग्रुपनं पुण्याच्या मंडईत फोटो काढले आणि मग नेहमीच्या हॉटेलात चहा आणि आधी काढलेल्या फोटोंच्या प्रिंट्स. नियम आता सगळ्यांच्या अंगवळणी पडलाय, ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं. चार बाय सहाची प्रिंट टेबलावर ठेवायची, कुठं काढला, का काढला, एक शब्द नाही, आणि बाकीच्यांनी नजर आधी कुठं गेली आणि तिथून कुठं गेली एवढंच सांगायचं. "मस्त", "कडक", "क्या बात" ह्याला बंदी. नियम आणला बँकेतनं रिटायर झालेल्या काकांनी, प्रिंटचा हट्टपण त्यांचाच, कारण फोनवर दाखवलं की लोक दोन बोटांनी झूम करून डोळे शार्प आहेत का तेवढं बघतात आणि पुढं सरकवतात.

आज सगळ्यात जास्त वेळ गेला तो कॉलेजवाल्या मुलीच्या फोटोवर. मंडईत आतमध्ये फोटो काढणं वाटतं तितकं सोपं नाहीये. भाजीवाले उंच ओट्यावर बसलेले, गिऱ्हाईक खाली, त्यामुळं मधल्या बोळातनं क्लिक केलं की हमखास पाठी आणि पिशव्या मिळतात. वरनं येणारा उजेड, त्यात पिवळे बल्ब. बाहेर रस्त्यावर ठीक असतं, एफ ८ लावायचं, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, फोकस दोन मीटरवर ठेवून द्यायचा, माझ्या छोट्या कॅमेऱ्याला अठ्ठावीस एमएमचा रुंद अँगल मिळतो त्यात मीटरभरापासून पुढचं जवळजवळ सगळं येतं, विचारच करायचा नाही. आत गेलं की ते बंद, एफ २.८ वर यायचं, म्हणजे छिद्र मोठं, आयएसओ म्हणजे उजेड टिपायची ताकद ३२०० करायची आणि फोकस हुकला की हुकला. ही पोरगी काय करते तर ओट्याला चिकटून तराजूच्या लेव्हलला कॅमेरा धरते, म्हणजे गिऱ्हाइकाचा वर बघणारा चेहरा समोरून मिळतो. मला हे इतके दिवस सुचलं नव्हतं, पुढच्या वेळी ढापणार.

तर फोटो असा की एक आजोबा कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून डोळे मिटून उभे आहेत, आणि डावीकडच्या कडेला फ्रेमनं मनगटाशी कापलेला कुणाचातरी हात नोटा पुढं करतोय, तो हलल्यामुळं ब्लर, पण बरोबर बल्बखाली असल्यानं पांढराफट्ट. जवळजवळ सगळे म्हणाले, आधी हात दिसला, आजोबा नंतर. ती बिचारी खुर्चीत चुळबुळत होती. बोलायची परवानगी मिळाल्याबरोबर तिनं सगळं सांगितलं, की आजोबांशी नंतर बोलले, त्यांना कोविड झाल्यापासून वासच येत नाही, तरी ते रोज येऊन जुडी हुंगून बघतात, एखाद दिवशी येईल म्हणून. टेबलावर सगळे गप्प. एक जण "अरे यार" म्हणाला. आणि काका चष्मा पुसत म्हणाले, "ते खरं असेल गं बाळा, पण ह्यात ते कुठंय?"

कडक बोलले, तिचा चेहरा पडला. पण मला काकांचं पटलं. ती तिथं होती, तिच्याकडं ती गोष्ट आहे, तो आवाज आहे, ओल्या पालेभाजीचा वास आहे, आणि प्रिंट बघताना ती हे सगळं त्यात भरून बघते. आपण तिथं नव्हतो, आपल्याला फक्त हात दिसतो. खाली दोन ओळी लिहिल्या तर हाच फोटो पेपरात मस्त चालेल आणि त्यात काही वाईट नाही, फक्त मग अर्धं काम ओळींनी केलं हे मान्य करायचं.

मग डावी कड कापायची की नाही ह्यावर जुंपली. दाढीवाला म्हणाला अर्धा इंच उडव, विषय संपला. आयटीवाला लगेच, क्रॉप म्हणजे चीटिंग, फ्रेम कॅमेऱ्यातच झाली पाहिजे, तो फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ कधी क्रॉप करायचा नाही. तेव्हा मी म्हणलं की बाबा, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्याचा तो जगप्रसिद्ध फोटो, १९३२ चा, पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनच्या मागचा, तो क्रॉप केलेलाच आहे, कुंपणाच्या फटीतनं काढला होता आणि डावीकडं फळी आली होती ती त्यानं कापली. दोन मिनिटं शांतता. मग म्हणे अपवाद. असूदे. पण माझं मत विचाराल तर हात राहू दे. हात काढला की आजोबा कॅलेंडरवर जाऊन बसतात, हातामुळं ते बाजारात उभे आहेत, शेजारी पैशाचा व्यवहार चाललाय आणि ह्यांची समाधी लागलीये. फक्त प्रिंटमध्ये तो हात थोडा काळा करायला हवा. (मधेच काकांनी सवयीनं मंडईचा किस्सा सांगून घेतला, १८८६ ची इमारत, आधी रे मार्केट, जिच्या खर्चाला जोतिबा फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला तिलाच पुढं त्यांचं नाव दिलं. मंडईचा फोटो आला की हे येतंच.)

येताना बसमध्ये विनोग्रांड ह्या अमेरिकन फोटोग्राफरचा विचार करत होते. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं फोटो काढले आणि काढलेले रोल मुद्दाम वर्ष वर्ष धुवायचा नाही, काढताना जे वाटलं ते विसरलं पाहिजे म्हणून. १९८४ मध्ये गेला तेव्हा २५०० च्या आसपास रोल न धुतलेले राहिले होते. पूर्वी मला हा आळस वाटायचा. काका जे टेबलावर करतात तेच तो एकटा करत होता, फक्त समोर माणसं बसवायच्या ऐवजी मधे काळ घालत होता.

हे सगळं मला खरं कळलं ते वारीच्या फोटोंमुळं. गेल्या वर्षी काकांनी सगळ्यांच्या पालखीच्या प्रिंट्स पत्त्यांसारख्या पिसल्या आणि आपापले ओळखून उचला म्हणाले. डोक्यावर तुळस घेतलेली आजी, रेनकोट म्हणून प्लास्टिकची शीट पांघरलेले वारकरी, टाळ, चिखलातले पाय, आणि दिवे घाटातली ती वळणावळणाची रांग तर प्रत्येकाकडं. दोघांनी तर एकच प्रिंट आपली म्हणून धरली. सगळे फोटो छान होते हाच प्रॉब्लेम, छान वारी होती, आम्ही फक्त तिथं जाऊन उभे होतो. शेवटी न चुकता ओळखला गेला तो एकच, नाना पेठेत पालखीच्या मुक्कामी एका बंद दुकानाच्या पायरीवर चार वारकरी एकाच सॉकेटला मोबाइल लावून बसलेत आणि पाचवा आपली पिन लागते का बघतोय. तो दाढीवाल्याचा. एरवी तो एडिटिंगमध्ये क्लॅरिटीचा स्लायडर शंभरला नेऊन माणसांच्या तोंडाचा दगड करतो, पण नजर आहे गड्याला.

म्हणून यंदा ठरलं की पालखीच्या फोटोंची मेमरी कार्डं कुणी उघडायची नाहीत, सगळी काकांच्या कपाटात, दिवाळीनंतर बघायची. दाढीवाला हो म्हणाला, कार्डपण दिलं, आणि पालखी अजून भवानी पेठेत मुक्कामाला असतानाच त्याचे इन्स्टावर चढले, म्हणे दुसरं कार्ड होतं. माझं मात्र खरंच तिकडं आहे आणि त्यात भाचीच्या बारशाचेपण फोटो आहेत हे तेव्हा लक्षातच नाही आलं. ताईचे आज परत दोन मेसेज. उद्या काकांना फोन करून तेवढे तरी काढून मागायला पाहिजेत, ते म्हणतील आत्ता बघू नकोस, बारशालापण तोच नियम.