गाणं नव्हे, गायकी

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुकानात सतार जवारीला, म्हणजे घोडी घासून तिचा नाद सुधारायला, दिली होती. परवा आणायला गेले, तर चाचा शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होते, "ही गायकी अंगाची आहे, ताई. हिला खरजाची, खालच्या सुरांची जाड तार नसते."

सतार गात नाही, तरी तिला 'गायकी'! हा शब्द मला फार आवडतो. गाणं म्हणजे जे गायलं ते. गायकी म्हणजे ते गाण्याची रीत: स्वर कसा लावायचा, राग कसा उलगडायचा, तान कुठे घ्यायची. "तिचं गाणं छान झालं" असं पहिल्या वर्षाच्या मुलीबद्दलही म्हणता येतं. "तिची गायकी" म्हणायला मात्र वर्षं जावी लागतात. निवेदक कुणालाही सरसकट हा शब्द बहाल करतात, तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

किराणा घराण्याची गायकी म्हणजे एकेका स्वरावर रेंगाळत संथ वाढणारा आलाप. त्या घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब त्यासाठीच ओळखले जात. ते मिरजेत राहिले, १९३७ साली गेले, आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांची कबर आहे. उरुसात तिथे अजूनही गाणं होतं. आग्रा घराण्याच्या गायकीत नोमतोम, म्हणजे 'नोम्-तोम्' अशा अक्षरांवरचा आलाप, आणि लयकारी, म्हणजे लयीशी खेळ. तिचा तोल निराळाच.

सतारीत हा शब्द रुजवला सतारवादक विलायत खाँसाहेबांनी. गळ्यासारखी मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, हवी म्हणून त्यांनी खरजाच्या तारा काढल्या आणि एकाच पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वर घेतले.

घरी येऊन मी यमन रागातला गंधार (ग) ओढून पाहिला. पंचमापर्यंत (प) पोचले, पण थोडी कमीच.