मेलेला थिंकपॅड आणि दोन रुपयांचं खोडरबर

काकांचा लॅपटॉप चिपळूणच्या घरी माळ्यावर पडून होता, बारा-तेरा पावसाळे तरी खाल्ले असतील त्याने. आयबीएम थिंकपॅड टी४२, २००४ च्या आसपासचा, झाकणाच्या कोपऱ्यात आयबीएमचा तो तिरका लोगो (२००५ मध्ये त्यांनी पीसीचा धंदा लेनोवोला देऊन टाकला). काकांना मशीनचं काही नव्हतं, आत त्यांची एकांकिका होती आणि तिची दुसरी कॉपी कुठेच नाही. "बघ रे, जमलं तर," एवढंच म्हणाले.

बटण दाबलं की हिरवा दिवा लागायचा, पंखा फिरायचा आणि स्क्रीन ठार काळा. गावातल्या एका रिपेअरवाल्याने "बोर्ड गेलं, भंगारात द्या" सांगून टाकलेलं.

मी सगळ्यात आधी हार्डडिस्क बाहेर काढली. डेटा हवा असेल तर हेच पहिलं, बाकी मशीन गेलं खड्ड्यात. खालचा एक स्क्रू काढला की डिस्क बाजूने सरकून येते, पण ती ४४ पिनांची आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची, हल्लीच्या साटा डिस्कचा कन्व्हर्टर चालत नाही, म्हणून पुण्यात तापकीर गल्लीत फिरून आयडीई-ते-यूएसबी कन्व्हर्टर शोधला. डिस्क कुरकुरली पण फिरली, अख्खी इमेज (डिस्कची हुबेहूब कॉपी) काढून ठेवली.

खरंतर काम तिथेच संपलं होतं. पण आता हात शिवशिवायला लागले ना.

अॅडॉप्टर मल्टीमीटरवर बरोबर १६ व्होल्ट दाखवत होता (नंतरच्या थिंकपॅडना २० लागतात, ते कुणीतरी जुगाड करून याला लावू नका). बॅटरी काढून, वायर काढून, पॉवर बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, फरक शून्य. मग रॅम. या मॉडेलला रॅमचे दोन स्लॉट, एक खालच्या झाकणात आणि दुसरा चक्क कीबोर्डखाली, आणि बहुतेक लोक खालचाच बघून मोकळे होतात. कीबोर्ड उचलला तर तिथल्या रॅमचे सोनेरी पाय पार काळवंडलेले, कोकणची हवा, दुसरं काय. खोडरबराने हलक्या हाताने घासलं, ब्रशने चुरा झाडला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. तरी स्क्रीन काळाच. मग ती काढून टाकली, फक्त खालच्या झाकणातली एकटी ठेवली, आणि बीप! स्क्रीनवर ०२७१ हा एरर कोड, तारीख-वेळ तपासा. आयुष्यात एरर बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता.

म्हणजे कीबोर्डखालचा स्लॉट किंवा ती रॅम गेलेली, बोर्ड नाही. ५१२ एमबीवर विंडोज एक्सपी मजेत चालतं. तारखेचा प्रॉब्लेम आतल्या बटण-सेलचा, दोन वायरीवाला नवीन टाकला. नशीब काकांनी बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामला) पासवर्ड ठेवला नव्हता, कारण सेल काढला की पासवर्ड उडतो हे थिंकपॅडच्या सुपरवायजर पासवर्डला लागू नाही, तो वेगळ्या चिपमध्ये बसलेला असतो.

एकांकिकेची फाईल माझ्या नव्या लॅपटॉपवर उघडली होती तेव्हा नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसला होता, कारण टायपिंग शिवाजी फॉन्टमधलं, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार, युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीची बरीच मराठी अशीच अडकलीये. काकांच्या मशीनवर मात्र फॉन्ट जागेवरच, डबल क्लिक केलं आणि सरळ मराठी. ऑनलाईन कन्व्हर्टरने युनिकोड केलं तर रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरांची वाट, त्यामुळे आता जुना लॅपटॉप बाजूला उघडा ठेवून काका दर संध्याकाळी एकेक पान तपासतात. काल फोन आला, "अरे, तिसऱ्या प्रवेशातला संवाद फारच भिकार लिहिलाय रे मी, बदलू का?"