किल्ट घालून एअरपोर्ट सिक्युरिटी, माझा अनुभव

आधी हे सांगतो की किल्ट (स्कॉटलंडमधल्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चौकड्यांचा पारंपरिक पोशाख) घालून विमानात बसायला कसलीही बंदी नाहीये. ज्यांना स्कॉटलंडमधल्या मित्राच्या लग्नाचं आमंत्रण आलंय आणि जे केबिन बॅगवर जाणार आहेत त्यांच्यासाठी लिहितोय, कारण मी जायच्या आधी शोधलं तेव्हा मराठीत कुठेच काही सापडलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसाचा राग अजून गेलेला नाही, तोही थोडा यात येणार.

मी आता इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, त्याआधी चार वर्षं एडिनबर्गला होतो. तिथल्या ऑफिसातला माझा सगळ्यात जवळचा मित्र, त्याचं लग्न इन्व्हर्नेसजवळच्या एका गावात, दुपारी तीनला चर्चमध्ये. त्याने मला स्वतः फोन करून सांगितलं होतं की तू किल्टमध्येच यायचं, तू घरचा आहेस. माझा किल्ट स्वतःचा आहे, भाड्याचा नाही, एडिनबर्गला असताना मापं देऊन शिवून घेतलेला, ब्लॅक वॉच टार्टनचा (टार्टन म्हणजे चौकड्यांची नक्षी, बरेचदा एकेका घराण्याची). हे गडद हिरवं-निळं टार्टन कोणीही घालू शकतो, त्याला अमुक घराण्याचा असावं लागत नाही, म्हणून मी तेच घेतलं.

मग घालूनच का गेलो, बॅगेत का नाही नेला? तर पूर्ण किल्टला आठ यार्ड कापड लागतं. आपली नववारी नऊ यार्डाची, म्हणजे जवळपास तेवढंच, फक्त हे जाड लोकरीचं आणि निऱ्या मागच्या बाजूला शिवलेल्या. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तेव्हा तिचा पहिला प्रश्न हाच होता, अरे निऱ्या पुढे नाहीत का? तर तो जवळपास दोन किलोचा ऐवज केबिन बॅगेत कोंबला की निऱ्या चुरगळतात आणि लग्नाच्या दिवशी सकाळी इस्त्री कुठे शोधणार. विमान सकाळचं होतं, उतरून सरळ चर्चला जायचं होतं. म्हणून घरूनच तयार होऊन निघालो.

विमानतळाचं नाव लिहीत नाही. लंडनच्या आसपास सहा आहेत, त्यातला एक.

ट्रेमध्ये मी सगळं नीट ठेवलं होतं. जॅकेट, बेल्ट, स्पोरन (पुढे लटकते ती चामड्याची पिशवी, तिची साखळी मागून कमरेभोवती जाते), किल्टच्या खालच्या कोपऱ्यातली पिन, बूट. पासपोर्ट आणि फोन स्पोरनमध्ये. आणि इथेच माझी चूक झाली, पासपोर्ट असा ठेवायला नको होता, कारण पुढचा सगळा वेळ तो माझ्यापासून लांब पडून होता.

स्कॅनरमध्ये हात वर करून उभा राहिलो. स्क्रीनवरच्या माणसाच्या आकृतीवर कमरेला दोन्ही बाजूंना आणि मागे पूर्ण पिवळे चौकोन. साहजिक आहे. किल्टला कमरेला चामड्याचे पट्टे आणि धातूची बकलं असतात, ती शिवलेली असतात, काढता येत नाहीत, आणि मागे कापडाच्या एवढ्या घड्या एकावर एक. मशीनला ते वेगळं दिसणारच, त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तिथल्या माणसाने वरवर तपासलं, बकलांवर बोट ठेवून विचारलं हे काय, मी सांगितलं. मग निऱ्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला घड्यांच्या आत काय आहे ते मला कळत नाहीये, हा स्कर्ट काढा आणि ट्रेमध्ये टाका, मशीनमधून जाऊ दे.

चारचौघांत. मागे रांग, बाजूला लहान मुलं असलेलं कुटुंब, पायात फक्त लोकरीचे लांब मोजे, आणि हा मला सांगतोय काढा. मी म्हणालो हा किल्ट आहे, आणि मी इथे काढणार नाही. आवाज चढवला नाही. तो म्हणाला मग आत सोडता येणार नाही. मी म्हणालो खाजगी खोलीत तपासा, माझी काही हरकत नाही. तेव्हा कुठे तो म्हणाला थांबा, त्यासाठी दोन पुरुष कर्मचारी लागतात, एक ब्रेकवर गेलाय.

आणि मग मी थांबलो. पस्तीस मिनिटं. भिंतीला लागून एक प्लास्टिकची खुर्ची, तिथे बसवलं. माझा ट्रे समोर काचेपलीकडच्या रोलरवर अडकलेला, त्यात स्पोरन दिसतोय, त्याचा चंदेरी काठ लाइटमध्ये चमकतोय, आणि आत माझा फोन वाजतोय हे मला समजतंय कारण ट्रे थरथरतोय. नवरदेवच करत असणार. उठून घ्यायला गेलो तर बसा म्हणून सांगितलं. भिंतीवरचं घड्याळ बरोबर माझ्या समोर. फ्लाइटचं गेट कधी बंद होतं ते मला पाठ होतं, त्यामुळे प्रत्येक मिनिट मोजत होतो. येणारे-जाणारे बघत होते, एक-दोघं हसले, एका म्हातारबाबांनी मात्र जाता जाता हसून मान डोलावली, ते बरं वाटलं.

त्या पस्तीस मिनिटांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझी आजी नववारी नेसून विमानात बसली असती तर तिला कोणी म्हणालं असतं का की लुगडं सोडा आणि ट्रेमध्ये ठेवा? आणि हा पोशाख तर असा की त्यावर एकदा कायद्याने बंदी आली होती. १७४५ च्या जॅकोबाइट (पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या समर्थकांच्या) उठावानंतर १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधल्या पुरुषांना (सैनिक सोडून) किल्ट आणि टार्टन घालायला मनाई केली, ती १७८२ ला उठली. ज्या लोकांनी तेवढी वर्षं वाट बघून तो परत अंगावर घातला त्यांच्या लग्नाला मी तो घालून चाललोय, आणि इथे कोणीतरी त्याला स्कर्ट म्हणून काढायला सांगतोय. मला खरंच खूप लागलं ते.

शेवटी दुसरा माणूस आला, वयाने मोठा, बहुतेक सुपरवायझर. पहिल्यांदा त्याने सॉरी म्हटलं. खोलीत गेलो, दार लावलं. मागून एकेक निरी उलट्या हाताने चाचपत गेला, पुस्तकाची पानं चाळावी तसं, मग पट्टे सोडायला सांगून बकलं बघितली, कमरेच्या आतल्या अस्तरावरून आणि माझ्या हातांवरून स्फोटकं तपासायची ती कापडी पट्टी फिरवून मशीनला लावली, हिरवा लाइट, झालं. अडीच-तीन मिनिटं. किल्ट पूर्ण काढावाच लागला नाही! एवढ्यासाठी पस्तीस मिनिटं.

म्हणून पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा सल्ला, स्कॅनर वाजला की लगेच, त्यांनी काही म्हणायच्या आत, आपणच म्हणायचं की मला खाजगी खोलीत तपासणी हवी आहे. इकडे ते मागता येतं, तपासणारा पुरुषच असतो. मी वाद झाल्यावर मागितलं, तिथे वेळ गेला. दोन तास आधी पोचायचं असेल तर तीन तास आधी पोचा.

आत शॉर्ट्स घाला. सायकलिंगच्या असतात तशा घट्ट. परंपरा म्हणते की किल्टच्या आत काही घालायचं नाही, ती लग्नात पाळा, एअरपोर्टवर नको. माझ्याकडे होत्या म्हणून खोलीत पट्टे सोडताना मला काही वाटलं नाही.

गेटपर्यंत पळालो ते घिली ब्रोग्सच्या नाड्या न बांधता. या बुटांच्या नाड्या खूप लांब असतात, घोट्यावर गुंडाळून बांधायच्या, पाचेक मिनिटं तरी जातात, त्यामुळे एअरपोर्टला साधे स्लिप-ऑन बूट घालून जा आणि ब्रोग्स बॅगेत ठेवा. गेट बंद व्हायला सहा मिनिटं होती. सीटवर बसल्यावर हात थरथरत होते माझे, बाजूच्या बाईंनी पाणी दिलं. बसतानाची पण एक गोष्ट, निऱ्या मागून हाताने खाली सपाट करत बसायचं, साडी सावरतो तसंच, नाहीतर दीड तासात सगळी घडी मोडते.

हां, सुरीचं राहिलंच! स्किअन डू, मोज्यात खोचतात ती छोटी सुरी. ती केबिनमध्ये अजिबात नेऊ नका. राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून रस्त्यावर जवळ बाळगायची सूट इथल्या कायद्यात आहे, इंग्लंडमध्ये १९८८ च्या आणि स्कॉटलंडमध्ये १९९५ च्या, पण ती सूट सिक्युरिटीच्या रांगेत चालत नाही, तिथे सुरी म्हणजे सुरी. चेक-इन बॅग असेल तर त्यात, नसेल तर घरी. मी घरीच ठेवली होती, मित्राच्या काकांनी त्यांची जास्तीची दिली, चर्चच्या दारात माझ्या उजव्या मोज्यात त्यांनीच खोचली आणि दोन पावलं मागे जाऊन नीट दिसतेय का बघितलं.

पिन फक्त वरच्या पदरातून लावायची, दोन्ही पदर एकत्र टोचायचे नाहीत, कापड फाटतं. आणि ती घरीच न लावता डबीत ठेवा, उतरल्यावर लावा, एक वस्तू कमी.

येताना इन्व्हर्नेसहून निघालो, पुन्हा किल्टमध्येच, कारण रात्री केलीमध्ये (लग्नानंतरच्या स्कॉटिश सामूहिक नाचाच्या कार्यक्रमात) नाचून नाचून पँट बदलायची ताकद राहिली नव्हती. या वेळी पासपोर्ट हातात होता. तिथल्या काकांनी लांबूनच बघितलं आणि विचारलं, पट्टे दोन की तीन? मी म्हणालो तीन. त्यांनी तिन्ही बकलांवर हात लावला, मागच्या निऱ्या एकदा चाचपल्या, आणि कोणाचं लग्न होतं म्हणून विचारलं.